चाळिशी लागली, पडदा बदलला, टर्मिनल वाचता येईना: फाँट कोणता ठेवू?

रात्रपाळी (प्रश्न)

मंडळी, प्रश्न फाँटचाच आहे, पण आधी घरची परिस्थिती सांगते. नाहीतर "जेटब्रेन्स मोनो टाका" एवढं लिहून सगळे मोकळे व्हाल, आणि तो मी टाकून बघितलेला आहे.

मी एकवीस वर्षं सर्व्हर सांभाळते, म्हणजे दिवसभर टर्मिनलमध्ये, कमांड टंकायच्या खिडकीत. त्यातली अकरा वर्षं एकाच पडद्यासमोर गेली: २४ इंची मॉनिटर, १९२० बाय १०८०, काळी पार्श्वभूमी, राखाडी अक्षर, टर्मिनस फाँट, आकार १६. घरात देव्हारा आणि हिचं टर्मिनल या दोन गोष्टींना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं नवरा पाहुण्यांना सांगतो.

जूनमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. ऑफिसने नवा लॅपटॉप दिला, १४ इंच, २८८० बाय १८००, ओलेड (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो). आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रोग्रेसिव्ह चष्मा (वरून लांबचं, खालून जवळचं दिसणारा) दिला. चाळिशी आधीपासून होतीच, पण ती पर्समध्ये असायची. आता कायमची नाकावर बसली. जुना मॉनिटर ऑफिसला परत गेला.

उबंटू (लिनक्स) घातलं, टर्मिनल उघडलं, टर्मिनस १६ लावला, तर पडद्यावर मोहरी सांडल्यासारखं दिसलं. स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळंच मोठं करणं, २०० टक्के केलं की अक्षर वाचता येतं पण जागा पुरत नाही. मला टीमक्समध्ये (टर्मिनलचे भाग पाडणारा प्रोग्रॅम) डावीकडे लॉग, उजवीकडे कॉन्फिग असे ऐंशी-ऐंशी कॉलम (ओळीत ऐंशी अक्षरं) शेजारी लागतात, ती सवय आता सुटायची नाही. १५० टक्के केलं तर जागा मिळते, पण अक्षरांच्या कडांवर साय धरल्यासारखी दिसते. चष्मा पुसून झाला, पडदाही पुसून झाला.

आता खरं दुखणं. आमच्याकडे दोन यंत्रांची नावं अशी आहेत की एकाच्या शेवटी लहान एल आणि एक, दुसऱ्याच्या शेवटी नुसतेच दोन एक. (अशी नावं ठेवणाऱ्याला मी नावं ठेवतेच, पण तो नोकरी सोडून गेला.) गेल्या गुरुवारी रात्री पावणेतीनला एक यंत्र रीबूट करायचं होतं. तिकडे जायला मधे एका विंडोज यंत्रातून जावं लागतं, तिथल्या खिडकीत आधीपासून जो फाँट होता त्यातच काम केलं. नाव दोनदा वाचलं. दोन्ही वेळा मला दोन एकच दिसले. रीबूट झालं ते भलतंच, ज्यावर महिनाअखेरचा रिपोर्ट चार तास चालत आला होता. सकाळी माफीचं मेल लिहिताना पहिल्यांदा वाटलं, की आता हे डोळ्यांवर ढकलून भागणार नाही.

तर: या पडद्यावर कोणता फाँट, केवढा, आणि दोन ऐंशी कॉलम मावतील का? शिवाय एक जोडप्रश्न. घरच्या फायलींची नावं मी मराठीत ठेवते. "पुण्यतिथी_फोटो" हे फोल्डर टर्मिनलमध्ये बघवत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडते आणि जोडाक्षराचे पाय मोडतात. यावर काही इलाज?

---

फुटपट्टी

ताई, फाँटचं नाव नंतर. आधी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी आणा.

तुम्ही आकार १६, २०० टक्के, १५० टक्के असं जे सांगताय ते सगळं पिक्सेलचं बोलणं आहे. डोळ्याला पिक्सेल कळत नाही, त्याला मिलिमीटर आणि अंतर कळतं. तुमच्या जुन्या मॉनिटरवर इंचाला ९२ पिक्सेल होते. नव्यावर २४३ आहेत. तीच सोळा पिक्सेलची ओळ तिथे साडेचार मिलिमीटरच्या जवळपास होती, इथे पावणेदोनच्याही खाली आली. मोहरी म्हणालात ते अगदी मापात बसतं.

पडद्यावर मोठा एच लिहा आणि त्याची उंची मोजा. मग डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा, तेही मिलिमीटरमध्ये. अंतराला १७० ने भागा. येईल तेवढा उंच मोठा एच असला की दिवसभर वाचायला बरा. २१५ ने भागून जो आकडा येतो त्याच्या खाली मात्र जाऊ नका. हे आकडे माझ्या मनचे नाहीत. पडद्यावरच्या अक्षराने डोळ्याशी साधारण २० मिनिटांचा कोन करावा, निदान १६ मिनिटांचा तरी, असं पडद्यापुढे बसणाऱ्यांसाठीचे निकष सांगतात. भागाकार केला की १७० आणि २१५ निघतात. अंश नाही हं, मिनिटं. अंशाचा साठावा भाग.

१५० टक्क्यांच्या सायीचं कारण साधं आहे. तुमचं टर्मिनल जीटीके ३ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) वर असेल तर त्याला दीडपट चित्र काढता येत नाही. ते दुप्पट काढतं, आणि मग ते अख्खं चित्र आक्रसून दीडपटीवर आणतात. आक्रसताना प्रत्येक उभी रेघ दोन पिक्सेलांच्या मधे कुठेतरी पडते. म्हणून स्केलिंग २०० वरच ठेवा आणि जागा हवी असेल तर फक्त टर्मिनलचा फाँट लहान करा. केडीई (लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप) वापरणाऱ्यांना हा त्रास बराच कमी होतो, पण तुमच्या देव्हाऱ्याला हात लावायला मी सांगत नाही.

हिंटिंग "स्लाइट" किंवा बंद. ९२ पिक्सेलच्या काळात अक्षराची रेघ पिक्सेलच्या चौकटीत कोंबायला हिंटिंग लागायचं, २४३ ला पूर्ण हिंटिंग लावलं तर उलट अक्षराचा घाट बिघडतो. अँटीअलायझिंग (अक्षराच्या कडा मऊ करणं) "ग्रेस्केल" करा. लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांची युक्ती त्या तीन पट्ट्या ओळीने शेजारी असतील या हिशोबावर चालते. ओलेड पडद्यांत ही मांडणी बऱ्याचदा वेगळी असते, मग अक्षराला रंगीत किनार दिसते. एवढ्या घनतेला त्या युक्तीची गरजही उरत नाही. ॲपलने २०१८ साली मोहावेपासून ती काढूनच टाकली.

वजनाचं राहिलंच. जुन्या पडद्यावर कितीही बारीक रेघ असली तरी एक पिक्सेल तिला मिळायचाच, आणि तो पिक्सेल पाव मिलिमीटरहून जाड होता. आता लाइट फाँट लावला की तो खरोखर लाइटच दिसतो, केसासारखा. "मीडियम" घेऊन बघा. प्लेक्स मोनोमध्ये रेग्युलर आणि मीडियमच्या मधे "टेक्स्ट" नावाचं वजन आहे, तेही बघा.

---

बिटमॅपबाबू

टर्मिनसला पर्याय नाही. ज्याचा प्रत्येक ठिपका माणसाने हाताने बसवलाय त्याची सर गणिती वळणाच्या फाँटला येणार नाही. ३२ आकाराचा टर्मिनस लावा, विषय संपला.

एवढंच, की २०१९ ला पँगो (अक्षरं मांडणारी लायब्ररी) १.४४ आल्यापासून जुन्या पीसीएफ साच्यातले बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचे, फाँट नोम डेस्कटॉपच्या टर्मिनलला दिसत नाहीत. तुमच्याकडे दिसतोय म्हणजे ओटीबी या नव्या साच्यातली प्रत आहे, तीच जपून ठेवा.

---

रात्रपाळी

बाबू, तुमच्या तोंडात साखर पडो, पण पट्टी लावून आले.

जुना मॉनिटर परत गेला असला तरी त्याच मापाचा एक मुलाच्या खोलीत आहे. तिथे टर्मिनस १६ लावला: मोठा एच पावणेतीन मिलिमीटर. नव्यावर तोच १६: एक मिलिमीटर. आणि ३२, जो टर्मिनसचा सगळ्यात मोठा आकार, त्याचा एच दोनच्या जरासा पुढे. लॅपटॉप मी ५० सेंटिमीटरवर ठेवते. फुटपट्टींच्या हिशोबाने मला २.९ हवा आणि २.३ च्या खाली जायचं नाही. म्हणजे या पडद्यावर टर्मिनसची उडीच तिथपर्यंत पोचत नाही. आत्ता हे लिहिताना खरोखर वाईट वाटतंय.

याहून मोठा धक्का वेगळाच बसला. जुन्या मॉनिटरपासून मी ६५ सेंटिमीटरवर बसायचे. भागिले २१५, तीन मिलिमीटर. माझा एच पावणेतीनचा होता. अकरा वर्षं मी किमान मर्यादेच्या खाली वाचत होते आणि "तेव्हा किती छान दिसायचं" म्हणून गळा काढत होते. छान दिसायचं ते माझं वय छान होतं म्हणून.

हिंटिंग, ग्रेस्केल, दोन्ही केलं. १५० वरून २०० वर परत. साय गेली.

---

जुळारी

नमस्कार. मी वयाने मोठा आहे, संगणकाने लहान. वडिलांचा छापखाना होता, खिळे जुळवण्यात माझी वीस वर्षं गेली, पुढे डीटीपी. आता श्रीलिपीत जुळवलेल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणतो, त्यासाठी पुतण्याने लिनक्स घालून दिलं आणि काळ्या खिडकीशी गाठ पडली.

वरच्या गृहस्थांनी पट्टी आणायला सांगितली ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे पॉइंट ही हातात धरायची वस्तू होती. बारा पॉइंटचा खिळा म्हणजे सव्वाचार मिलिमीटर, कोल्हापुरात तेवढाच आणि कलकत्त्यात तेवढाच. संगणकात आल्यावर पाहतो तर बारा पॉइंट या यंत्रावर एवढा आणि त्या यंत्रावर तेवढा. पुतण्या म्हणाला, काका, यंत्र इंचाला ९६ ठिपके धरून चालतं, खरे किती आहेत ते बघत नाही. म्हटलं, मग त्याला पॉइंट कशाला म्हणता.

दोन गोष्टी सांगतो. पहिली ओळींमधल्या जागेची. आम्ही दहा पॉइंटचा मजकूर बारावर बसवायचो, म्हणजे दोन ओळींत दोन पॉइंट शिशाची पट्टी. टर्मिनलमध्ये ओळीवर ओळ चिकटलेली असते. छापखान्यात असं जुळवलेलं पान फक्त रद्दीच्या जाहिरातींचं असायचं, जिथे जागेचे पैसे मोजून घेतात. नोम टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये "सेल स्पेसिंग" आहे, तिथे उंची १.१ करा. अक्षर तेवढंच राहून वाचायला मोठं वाटतं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात तर ओळ हुकण्याचा त्रास फार. मलाही तोच चष्मा आहे, हनुवटी वर करून वाचतो, पुतणे हसतात.

दुसरी पार्श्वभूमीची. काळ्यावर पांढरं अक्षर तरुण डोळ्यांना शोभतं. अंधारात बाहुली मोठी होते, आणि मोठ्या बाहुलीने जवळचं धूसर दिसतं. उजेडात ती आकुंचन पावते, तेव्हा त्याच डोळ्याला रेघ ठळक दिसते. चाळिशी न लावता उन्हात नेऊन औषधाची पट्टी वाचतो ना आपण, तेच. दिवसा तरी कागदाच्या रंगावर, म्हणजे पांढरा शुभ्र नव्हे, जरा पिवळसर, त्यावर काळं अक्षर ठेवून बघा.

---

रफार

जोडप्रश्नाचं मी घेते, कारण याच दुखण्यावर मीही बरंच डोकं फोडलंय.

फाँट बदलून ही वेलांटी जागेवर येणार नाही. टर्मिनल म्हणजे चौकटीची वही आहे: एका घरात एक चिन्ह. रोमन लिपीला ते मानवतं. आपल्याकडे "ति" मध्ये साठवलेला क्रम आधी त, मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी आधी. हा उलटापालट करायला अख्खा अक्षरगट एकत्र घेऊन आकार द्यावा लागतो, आणि बरीच टर्मिनलं घर-घर सुटं रंगवत जातात. त्यात भर म्हणजे वेलांटीला एक घर द्यायचं की शून्य, यावर शेल (कमांड वाचणारा प्रोग्रॅम) आणि टर्मिनल यांचंच एकमत नसतं. म्हणून बॅकस्पेस दाबला की कर्सर भलत्याच जागी उभा राहतो. हलन्ताला शून्य घर, इथवर सगळ्यांचं पटतं, पुढे गाडी अडते.

मराठी फायलींसाठी एक वेगळं टर्मिनल ठेवा: एमएलटर्म. दिसायला जुनाट आहे, पण भारतीय लिप्यांचा विचार करूनच बांधलेलं आहे. मी सर्व्हरचं काम नेहमीच्या खिडकीत करते आणि "पुण्यतिथी"ला भेटायला एमएलटर्म उघडते.

फाँटचा संबंध येतो तो एवढाच: तुमच्या मोनोस्पेस (सगळी अक्षरं सारख्या रुंदीची) फाँटमध्ये देवनागरी नसतेच, नोटो सान्स मोनोमध्येही नाही. यंत्र मागच्या मागे दुसरा कुठला तरी फाँट जोडतं. कोणता, ते एफसी-मॅच या कमांडला मोनोस्पेस आणि मराठीची खूण देऊन विचारा, ती नाव सांगते. माझ्याकडे लोहित यायचा, मी फाँटकॉन्फिगमध्ये (फाँट निवडणारी व्यवस्था) नोटो सान्स देवनागरी पुढे केला. तरीही "श" आणि "ल" हिंदी वळणाचे दिसतील, कारण मराठी वळणं फाँटमध्ये भाषेच्या खुणेमागे दडलेली असतात आणि टर्मिनल ती खूण पुढे पाठवत नाही. याची मला इतकी चीड येते की ते पुन्हा कधीतरी.

जुळारीकाकांचं १.१ देवनागरीला कमी पडेल. रफार, त्यावर अनुस्वार, खाली उकार, एवढा तीनमजली वाडा त्या घरात मावत नाही, वरचं कौल कापलं जातं. १.२ करा.

---

फुटपट्टी

एल आणि एकचं राहिलं होतं. त्या विंडोज यंत्रावर पुट्टी (दूरच्या यंत्राशी जोडणारा प्रोग्रॅम) असेल तर फाँट बहुधा कुरियर न्यू असणार, तिथे तोच आधीपासून लावलेला असतो. त्यात एक आणि लहान एल जुळे भाऊ आहेत, टाइपरायटरच्या घराण्यातून आलेले. कित्येक टाइपरायटरांवर एकची कळच नसायची, लहान एलच दाबायचे. त्या यंत्रावर हक्क नसला तरी पुट्टीत स्वतःच्या जोडणीपुरता फाँट बदलून साठवता येतो. कॉन्सोलस घ्या, विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक यंत्रात आहे, आणि त्यातल्या शून्यात तिरकी रेघ आहे.

फाँट निवडताना एक ओळ लिहून बघत जा: शून्य, मोठा ओ, लहान ओ, एक, लहान एल, मोठा आय, उभी रेघ, बॅकटिक, साधं अवतरण, पूर्णविराम, स्वल्पविराम. ही ओळ नेहमीच्या अंतरावरून, नेहमीच्या चष्म्यातून वाचायची. पुढे वाकायचं नाही. वाकून तर सगळंच वाचता येतं.

आणि ऐंशी-ऐंशीसाठी फाँटची रुंदी बघा, उंची नाही. देजावू, जेटब्रेन्स, फिरा, प्लेक्स, सोर्स कोड प्रो, या सगळ्यांचं एक घर उंचीच्या साधारण ०.६ पट रुंद असतं. आयोसेव्का, इन्कॉन्सोलाटा आणि उबंटू मोनो ०.५ पट. सहात एक घर मोफत. यातल्या उबंटू मोनोची लहान अक्षरं बुटकी आहेत, म्हणून लोक तो मोठा करून लावतात आणि वाचवलेली जागा परत घालवतात. आयोसेव्का अंगाने सडपातळ आहे पण उंची सोडत नाही. त्यातली "टर्म" प्रत घ्या, बाण वगैरे चिन्हं तीत एकाच घरात बसतात. नोम ४८ पासून आलेला अद्वैता मोनो हाही आयोसेव्कावरूनच केलाय, त्यामुळे घरात पाहुणा म्हणून तो आधीच येऊन बसला असेल तर ओळखीचा वाटेल.

लिगेचरवाले फाँट मात्र टर्मिनलमध्ये घेऊ नका, निदान सर्व्हरच्या तरी. उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह मिळून एक सुंदर छेद दिलेलं बरोबर दिसतं, आणि रात्री पावणेतीनला माणूस विचार करत बसतो की फायलीत नक्की किती अक्षरं आहेत. नोम टर्मिनल ती दाखवतच नाही हे एका परीने उपकारच.

---

रात्रपाळी

आठवडा वापरून मग लिहितेय.

आयोसेव्का टर्म, मीडियम, १३ पॉइंट, स्केलिंग २००, सेल स्पेसिंग उंचीला १.१. पहिल्या दिवशी वाटलं की सगळी अक्षरं उपास करून उभी आहेत. मंगळवारपर्यंत नजर बसली. बुधवारी चुकून देजावू उघडला तर तोच सुजल्यासारखा दिसला.

एचची उंची पट्टीवर २.६५ च्या आसपास. ५० सेंटिमीटरला २.९ हवा होता. मग फाँट १४ करून बघितला, तर शेजारी दोन खिडक्या बसेनात. शेवटी लॅपटॉप चार बोटं पुढे ओढला. ४५ सेंटिमीटर, भागिले १७०, उत्तर २.६५. फाँटला हलवण्यापेक्षा टेबलावरची वस्तू हलवणं सोपं, हे मला एकवीस वर्षांत सुचलं नव्हतं. आणि पुढे ओढल्यावर पडदा चष्म्याच्या खालच्या भागात येतो, मान वर करावी लागत नाही. काका, तुम्हीही करून बघा, पुतण्यांचं हसू बंद होईल.

कॉलम किती आले विचाराल तर: १५९. फुल स्क्रीन केल्यावर. मधली उभी रेघ एक घर खाते, उरले ७९ आणि ७९. एका कॉलमने! मी अर्धा तास त्या एका कॉलमसाठी भांडले. १२ पॉइंट केला तर कॉलम भरपूर, पण उंची जाते. मग विचार केला, ऐंशी हा आकडा आला पंचकार्डातून (जुन्या संगणकांची भोकं पाडलेली कार्डं), तिथून टर्मिनलांनी उचलला, तिथून माझ्या डोक्यात. पंचकार्ड मी बघितलेलंसुद्धा नाही. ७९ चालवून घेतेय. लॉगच्या ओळी तशाही दीडशे अक्षरांच्या असतात, त्यांनी ऐंशीला कधी जुमानलं होतं.

ती तपासणीची ओळ मी आता प्रॉम्प्टच्या (कमांड टंकायच्या जागेच्या) वर कायम छापून ठेवलीय. यात लहान एलला खाली उजवीकडे शेपूट आहे, एकला खाली सरळ पाट आहे, शून्याला तिरकं कापलंय. चष्मा काढूनसुद्धा वेगळे कळतात. विंडोज यंत्रावर कॉन्सोलस साठवला.

पार्श्वभूमीचं निम्मंच ऐकलं. दिवसा पिवळसर कागद आणि काळं अक्षर, खरंच ठळक दिसतं. फक्त ओलेडवर एवढा उजेड पेटवला की बॅटरी दुपारीच मान टाकते, म्हणून वायर लावूनच बसते. रात्रपाळीला काळंच. रात्री तीनला तो पिवळा कागद बघितला तर ट्यूबलाइटखाली बसल्यासारखं वाटतं, आणि शेजारी नवरा झोपलेला असतो.

एमएलटर्ममध्ये "पुण्यतिथी_फोटो" धड दिसला. आईच्या वर्षश्राद्धाचं फोल्डर आहे ते. एवढे दिवस मोडकं नाव बघून मी ते उघडायचंच टाळत होते की काय, कोण जाणे.

---

बिटमॅपबाबू

मोठ्या मनाने लिहितो: ७९ कॉलम वाचून मला हसू आलं. पण एक विचारतो. यंत्र सुरूच झालं नाही आणि ग्राफिक्स न येता नुसतं कन्सोल आलं, तर तिथे तुमचा आयोसेव्का काय करणार? तिथे अजून आमचंच राज्य आहे.

---

रात्रपाळी

बरोबर, आणि तिथे मी तुमच्याकडेच आले! परवा मुद्दाम कन्सोलवर जाऊन बघितलं. आठ बाय सोळाच्या अक्षरात ३६० कॉलम आणि ११२ ओळी येतात. म्हणजे अख्खी पोथी एका पानावर, भिंग घेऊन बसा. यंत्र बिघडलेलं असताना हे वाचायचं म्हणजे शिक्षाच.

डीपीकेजी-रिकॉन्फिगर या कमांडला कन्सोल-सेटअप दिलं, तिथे टर्मिनस निवडला, आकार १६ बाय ३२. आता १८० कॉलम, ५६ ओळी. बूटच्या अगदी सुरुवातीच्या ओळींसाठी कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) टर्मिनस १६ बाय ३२ घालायची सोय ५.० आवृत्तीपासून आहे, तेही चालू करून घेतलं. एच दोनच्या जरा पुढे, माझ्या मापाला कमीच. पण तिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त बसायची वेळ आली तर दुखणं फाँटचं नसतं.

तर बाबू, टर्मिनस घरातून गेलेला नाही. माजघरातून उठून ओटीवर बसलाय, आणीबाणीला हाक मारली की येतो.

त्या दोन यंत्रांची नावं बदलायची विनंती टाकली आहे. तिकीट अजून उघडं आहे, बदलणाऱ्याने खाली विचारलंय, "यातलं नक्की कोणतं बदलायचं?"